मधुमेही वडिलांचे गृहविलगीकरण : गोळ्या, इन्सुलिन आणि बंद खोली

कृष्णाकाठ (4 मे 2021, सकाळी)

माझ्या वडिलांचा (वय 63, टाईप 2 मधुमेह, बरीच वर्षे) कोविडचा अहवाल काल पॉझिटिव्ह आला. ताप 100 च्या आसपास आहे, थोडा खोकला आहे आणि ऑक्सिजन 97 आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 28 एप्रिलच्या सुधारित सूचनांनुसार साठीच्या पुढील व्यक्ती आणि मधुमेही यांना डॉक्टरांनी नीट तपासून परवानगी दिल्याशिवाय घरी ठेवता येत नाही. ती परवानगी आमच्या डॉक्टरांनी दिली आहे. हवेशीर खोली, तीन पदरी मास्क, चोवीस तास उपलब्ध असणारी काळजीवाहू व्यक्ती, लक्षणे दिसल्यापासून किमान 10 दिवस आणि सलग 3 दिवस तापाविना गेल्यावर विलगीकरणाची समाप्ती, हे सर्व त्या सूचनांत स्पष्ट आहे. मधुमेहाबाबत मात्र, इतर आजारांची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावीत, याच्या पलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

वडील मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड यांची एकत्रित गोळी सकाळ-संध्याकाळ, डापाग्लिफ्लोझिन सकाळी आणि रात्री ग्लार्जिन इन्सुलिनची 14 युनिटे घेतात. तोंडाची चव गेल्यामुळे निम्मे ताट परत येते. अशा स्थितीत कोणते औषध चालू ठेवावे? साखर दिवसातून किती वेळा मोजावी? आजवर त्यांना इन्सुलिन आई टोचत असे. आता ती खोलीत जाऊ शकत नाही. शिवाय शेजाऱ्यांनी औषधांची एक यादी पाठवली आहे आणि तिच्यात पहिल्याच दिवसापासून स्टेरॉईड आहे. डॉक्टरांचा फोन लागणे सध्या दुरापास्त झाले आहे, म्हणून या मंचावर विचारत आहे.

अश्वत्थ (4 मे 2021, दुपारी)

मी मेडिसिनचा एमडी असून सध्या कोविड वॉर्डात काम करतो. डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहेत. फोन लागला नाही तर साखरेचे आकडे आणि प्रश्न लिहून संदेश पाठवून ठेवा, तो वाचला जाण्याची शक्यता अधिक असते.

पहिली गोष्ट डापाग्लिफ्लोझिनची. हे औषध साखर लघवीवाटे बाहेर टाकते. रुग्ण आजारी असेल, जेवण कमी झाले असेल आणि पाणीही कमी जात असेल, तर या गटातील औषधांमुळे रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साचून कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो, आणि तोही साखर 200 च्या आसपास असताना. त्यामुळे आजारपणात हे औषध थांबवावे, असाच सर्वसाधारण नियम आहे. आजच डॉक्टरांना विचारून ते बंद करा. कोविडच्या दिवसांत यातली खरी अडचण अशी की कीटोअॅसिडोसिसमध्येही श्वास जलद आणि खोल होतो, आणि घरच्यांना ती कोविडची धाप वाटते. ऑक्सिमीटर 97-98 दाखवत असताना श्वास मात्र जोरात चालू असेल, सोबत मळमळ किंवा पोटदुखी असेल, तर आकडा चांगला आहे म्हणून स्वस्थ बसू नका. लघवीतील कीटोन तपासण्याच्या पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात. एक डबी आणून ठेवा.

तुमची एकत्रित गोळी हा दुसरा अडसर आहे. जेवण निम्म्यावर आले की ग्लिमेपिराइड कमी करावे लागते, कारण ते अन्न पोटात असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. मेटफॉर्मिन थांबवण्याची वेळ मात्र उलट्या-जुलाब होऊन शरीरातील पाणी कमी झाले तर येते. दोन्ही एकाच गोळीत असल्याने एक कमी करून दुसरे चालू ठेवता येत नाही, म्हणून डॉक्टरांकडून दोन सुट्या गोळ्या लिहून घ्या.

रात्रीचे ग्लार्जिन स्वतःहून बंद करू नका. जेवण नाही म्हणजे इन्सुलिन नको, हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात तापात आणि संसर्गात यकृत न जेवताही साखर सोडत राहते. डोस कमी-जास्त होऊ शकतो, पण शून्य करायचा नसतो. टाईप 1 असलेल्यांनी (ज्यांचे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) तर हा विचारही मनात आणू नये.

साखर सध्या तिन्ही जेवणांपूर्वी आणि झोपताना मोजा. झोपताना 100 पेक्षा कमी असेल, तर थोडे खाऊ घाला आणि त्या रात्रीच्या डोसबद्दल विचारा. 70 खाली गेल्यास तीन चमचे ग्लुकोज पाण्यात द्यावे आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजावे. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली साखर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरते, म्हणून तो पूर्ण दिवस लक्ष ठेवावे लागते. लागोपाठ दोन वेळा 300 च्या वर आकडा आला, तर सकाळची वाट पाहू नका. ऑक्सिजन 94 किंवा खाली येणे, अथवा मिनिटाला 24 हून अधिक श्वास, ही रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत. श्वास पूर्ण 60 सेकंद मोजावेत, आणि आपण मोजत आहोत हे रुग्णाला न सांगता.

ती यादी फाडून टाका. ब्रिटनमधील 2020 च्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉईडचा लाभ ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्या रुग्णांना झाला. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांच्यात लाभ आढळला नाही. तुमच्या वडिलांच्या हाती आज स्टेरॉईडमधून फक्त वाढलेली साखर लागेल.

वऱ्हाडी_पेन (4 मे 2021, रात्री)

मी अकोल्यात राहतो, टाईप 1 आहे, आणि मागच्या महिन्यात गृहविलगीकरणातून बाहेर आलो. अश्वत्थ यांनी औषधांचे सांगितलेच आहे. खोलीबद्दल मी लिहितो.

दाराला आतून कडी लावू देऊ नका. आपल्याकडची वडीलधारी माणसे एकटी झोपली की सवयीने कडी लावतात, आणि रात्री साखर उतरून माणूस बेशुद्ध झाला तर बाहेरच्यांना दार तोडावे लागते. दार लोटलेले असावे आणि ठरलेल्या वेळी हाक मारून उत्तर मिळवावे. उत्तर तिरसट किंवा असंबद्ध आले, तर वडील वैतागले आहेत असे समजण्याआधी साखर मोजायला लावा.

इन्सुलिन ते स्वतः घेऊ शकतील. पेन असेल तर काम सोपे आहे: आईंनी व्हिडिओ कॉलवर समोर बसावे, पेनवरचा आकडा कॅमेऱ्यापुढे धरायला सांगावा, बटण दाबल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई बाहेर काढायला सांगावी. सिरिंज असेल तर कुपी 40 ची (मिलिलिटरला 40 युनिटे) असल्यास सिरिंजही 40 चीच आहे ना, हे तुम्ही स्वतः तपासून आत पाठवा. 40 च्या कुपीसोबत 100 ची सिरिंज चुकून गेली तर डोस निम्म्याहूनही कमी पडतो.

फ्रीज बहुधा स्वयंपाकघरात असेल आणि तो रुग्णाला वापरता येणार नाही. वापरात असलेले ग्लार्जिनचे पेन 30 अंशांखाली 28 दिवस चालते. पण आमच्याकडे मे महिन्यात पंखा लावूनही खोलीत 30 अंश राहत नाही. मी पेन झाकणाच्या लहान डब्यात घालून तो डबा पाणी असलेल्या माठात तरंगता ठेवला होता. सुया आणि लॅन्सेट (बोट टोचण्याच्या सुया) फिनेलच्या रिकाम्या बाटलीत टाकाव्यात. बोट टोचण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. मोसंबी सोललेल्या बोटाने मोजले तर आकडा भलताच येतो, आणि सॅनिटायझर ओला असताना मोजणेही बरोबर नाही.

नीलमोहोर (5 मे 2021)

एक भर घालते. सध्या घरोघरी काढा चालू आहे आणि बहुतेक काढ्यांत गूळ किंवा मध असतो. दिवसातून तीन-चार कप घेतले तर साखर का चढली याचा शोध औषधांत लावत बसावे लागते. जुलाब झाल्यास ओआरएस टाळू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे पेलाभर ओआरएसमध्ये तीन ग्रॅमच्या आत. ओआरएससारखी दिसणारी गोड, चवदार खोकी मात्र वेगळी. ती घेऊ नयेत.

ज्यांच्या दंडावर लिब्रे सेन्सर (साखर सतत मोजणारे उपकरण) आहे, त्यांनी क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबाबत सावध राहावे. दिवसाला 500 मिलिग्रॅमपेक्षा अधिक घेतल्यास सेन्सर खोटी वाढलेली साखर दाखवू शकतो, आणि सध्या अनेकजण 500 ची गोळी दोनदा चघळत आहेत. त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवले तर काय होईल, हे सांगायला नको.

कृष्णाकाठ (9 मे 2021)

सर्वांचे आभार. डापाग्लिफ्लोझिन थांबवले आहे, गोळ्या सुट्या करून घेतल्या आहेत, कडीसुद्धा काढून ठेवली. वडिलांनी कडीवरून बरीच कुरकुर केली. ताप उतरला आहे. माझ्या मामांना मात्र रुग्णालयात ऑक्सिजन लागला होता. त्यांना काल घरी सोडले आहे आणि स्टेरॉईडच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. तेही मधुमेही आहेत. सकाळची उपाशीपोटीची साखर 130 येते, त्यामुळे मामी निश्चिंत आहेत. ते बरोबर आहे का?

अश्वत्थ (9 मे 2021)

नाही. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडचा जोर दुपारी आणि संध्याकाळी असतो; उपाशीपोटी 130 असलेल्या माणसाची रात्रीच्या जेवणापूर्वीची साखर 350 असू शकते. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि संध्याकाळी अशी दोनदा मोजायला सांगा. डेक्सामेथासोन असेल तर परिणाम दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. गोळ्या कशा कमी करायच्या आणि कोणत्या तारखेला थांबवायच्या, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले आहे का ते पाहा, आणि नसेल तर लिहून घ्या. स्टेरॉईड कमी होत जाते तसे इन्सुलिनही कमी करावे लागते, अन्यथा साखर एकाएकी उतरते.

याच रुग्णांत सध्या म्युकरमायकोसिस दिसत आहे. स्टेरॉईड आणि अनियंत्रित साखर एकत्र आली की ही बुरशी नाकाच्या पोकळीतून डोळ्याकडे सरकते. गालाच्या एकाच बाजूला दुखणे किंवा बधिरपणा, एकच नाकपुडी चोंदणे, काळपट स्राव, वरचे दात अकस्मात हलू लागणे, एक डोळा सुजणे किंवा दोन-दोन दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. कोविड अहवाल निगेटिव्ह येऊन गेल्यावरही हे होते.

नीलमोहोर (26 मे 2021)

धागा वर आणत आहे, कारण संसर्गाचा दर अधिक असलेल्या 18 जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करून रुग्णांना कोविड केअर सेंटरमध्ये दाखल करण्याचा निर्णय राज्य सरकारने काल जाहीर केला आहे. निर्णयाशी माझे पूर्ण एकमत नाही; जेथे स्वतंत्र खोली आणि लक्ष ठेवणारे माणूस आहे, तेथे मधुमेहीची साखर घरी अधिक चांगली सांभाळली जाते. परंतु जावे लागले तर ग्लुकोमीटर, पुरेशा पट्ट्या, सुया, इन्सुलिन आणि औषधांची चिठ्ठी स्वतःची न्यावी, कारण तेथे इन्सुलिन मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. जेवणाच्या वेळा पहिल्याच दिवशी विचाराव्यात आणि ताट प्रत्यक्ष समोर आल्याखेरीज जेवणापूर्वीचे इन्सुलिन टोचू नये. उशाशी ग्लुकोजची पुडी ठेवावी, आणि आपण इन्सुलिनवर आहोत हे शेजारच्या खाटेवरील व्यक्तीला सांगून ठेवावे.