मदत हवी आहे: जर्मन करारातलं 'गेशेफ्ट्सफ्यूरेंड' हे विशेषण

नमस्कार मंडळी. आमच्या कंपनीसाठी एका जर्मन पुरवठादाराच्या कराराचा मराठी मसुदा करते आहे. त्यांच्या बाजूने सही करणाऱ्यांच्या नावाखाली 'गेशेफ्ट्सफ्यूरेंडर गेझेलशाफ्टर' असं आहे. गेझेलशाफ्टर म्हणजे भागीदार, हे कळलं. पण पहिला शब्द मला बातम्यांमधून माहीत आहे. 2021 मध्ये ऑक्टोबरअखेरीपासून 8 डिसेंबरला ओलाफ शोल्त्स चान्सेलर होईपर्यंत मेर्केल यांच्या सरकारला हेच विशेषण लावत, म्हणजे काळजीवाहू. मग हे गृहस्थ हंगामी आहेत का? त्यांची सही चालेल का, असं साहेब विचारताहेत. शिवाय मजकुरात हाच शब्द कुठे '-डे', कुठे '-डेन'ने संपतो. कृपया कुणीतरी उलगडून सांगा.

उत्तर:
हंगामी नाहीत, निश्चिंत राहा. गेशेफ्ट म्हणजे धंदा, व्यवहार. फ्यूरेन म्हणजे चालवणं. त्यापासून आपल्या 'पाहणारा'सारखं धातुसाधित विशेषण झालं: कारभार पाहणारा. नवं सरकार येईपर्यंत जुनं नुसता कारभार पाहतं, म्हणून राजकारणात त्याला 'काळजीवाहू' ही छटा आली. कंपनीत ती नसते.

मसुद्यात हे विशेषण गाळू मात्र नका. जर्मनीतल्या गे-एम-बे-हा (GmbH, म्हणजे मर्यादित जबाबदारीची) प्रकारच्या कंपनीत भागीदार आणि कारभार पाहणारा एकच असावा लागत नाही. बाहेरचा माणूसही नेमता येतो. सहीचा अधिकार कारभार पाहण्यामुळे मिळतो, भांडवलातल्या वाट्यामुळे नाही. कारभार पाहणारे अनेक असतील आणि कंपनीच्या नियमांत वेगळं काही नसेल, तर सगळ्यांनी मिळून सही करावी लागते. साहेबांना हे आधी सांगा. जर्मन व्यापार नोंदवहीत नाव तपासता येतं. ऑगस्ट 2022 पासून ती ऑनलाइन फुकट पाहता येते.

रूपांचं म्हणाल तर 'चांगला मुलगा', 'चांगल्या मुलाला' असं आपणही बदलतोच. 'डेर' हे उपपद आलं की त्यातच पुल्लिंग दिसतं, म्हणून विशेषण नुसतं '-डे'. सहीखाली उपपद नाही, म्हणून लिंग दाखवायचं काम '-डर'वर येतं. 'भागीदाराला' म्हणायचं तर 'डेम गेशेफ्ट्सफ्यूरेंडेन गेझेलशाफ्टर'. बाई असतील तर सहीखाली 'गेशेफ्ट्सफ्यूरेंडे गेझेलशाफ्टरिन'. आणि 'मुलगी चांगली आहे' यात आपण विशेषण बदलतो, तिथे जर्मन बदलत नाही.

मूळ धागाकर्ती:
मनापासून आभार! नोंदवही लगेच पाहते. आता एकच: मराठीत 'व्यवस्थापकीय भागीदार' लिहू की 'कारभार पाहणारे भागीदार'? वकिलांना कोणतं चालेल?