दीर्घिकांचे भ्रमण: कृष्णद्रव्य मानावे की गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलावा?

प्रश्न (इंदूर):
मी येथे बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. सूर्यापासून दूर जावे तसा ग्रहांचा वेग घटतो. पृथ्वीचा सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर आहे, तर नेपच्यूनचा जेमतेम साडेपाच. देवयानी दीर्घिकेत मात्र बाहेरच्या भागातही वेग फारसा घटत नाही, असे खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये दाखवले. इतका वेग टिकवायला दिसणाऱ्या द्रव्याचे गुरुत्वाकर्षण पुरत नाही, म्हणून न दिसणारे ‘कृष्णद्रव्य’ मानले जाते. यावर एका विद्यार्थिनीने विचारले, की असे द्रव्य मानण्याऐवजी न्यूटनचा नियमच का बदलू नये? तिला काय सांगावे?

उत्तर (ग्वाल्हेर):
हाच विचार भौतिकशास्त्रज्ञ मोर्डेहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये मांडला, त्यामुळे विद्यार्थिनीचे प्रथम कौतुक करावे. त्यांच्या मते त्वरण एका मर्यादेच्या, म्हणजे मीटर प्रति वर्ग सेकंद या एककात १.२ भागिले १,००० कोटी इतक्या मूल्याच्या, बरेच खाली गेले की प्रत्यक्ष त्वरण हे न्यूटनचे त्वरण आणि ही मर्यादा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतके होते. सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीचे त्वरण या मर्यादेच्या जवळजवळ ५ कोटी पट आहे, म्हणून सूर्यमालेत फरक जाणवत नाही. फळ्यावर समीकरण मांडून पाहा: अंतर दोन्ही बाजूंनी कटते आणि वेगाचा चौथा घात केवळ वस्तुमानाच्या प्रमाणात उरतो. चक्राकार दीर्घिकांची निरीक्षणे या संबंधाशी फार चांगली जुळतात, आणि हे यश कृष्णद्रव्य मानणाऱ्यांनीही गांभीर्याने घ्यायला हवे.

उत्तर (वडोदरा):
वरील उत्तर योग्य आहे, परंतु खरी अडचण दीर्घिकांच्या बाहेर सुरू होते. दीर्घिकांच्या समूहांत मिलग्रोम यांचा नियम लावूनही वस्तुमान कमीच पडते. ‘बुलेट क्लस्टर’मध्ये दोन समूह एकमेकांतून आरपार गेले, त्यांतील तप्त वायू, म्हणजे दिसणाऱ्या द्रव्याचा मोठा हिस्सा, टकरीने मागे रेंगाळला, पण गुरुत्वीय भिंगावरून (वस्तुमानामुळे मागच्या प्रकाशाचा मार्ग वाकतो त्यावरून) २००६ मध्ये काढलेल्या नकाशात वस्तुमान वायूपाशी नव्हे, तर पुढे निघून गेलेल्या दीर्घिकांपाशी आढळले.

पुढे २०१७ मध्ये न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतील गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पोहोचले, आणि या दोहोंचे वेग वेगळे मानणारे अनेक पर्यायी सिद्धांत बाद झाले. स्कोर्डिस आणि झ्लोश्निक यांचा २०२१ चा सिद्धांत यातून टिकतो व विश्वाच्या पार्श्वप्रारणाशीही (आरंभीच्या विश्वातून उरलेल्या प्रारणाशीही) जुळतो, परंतु त्यासाठी आरंभीच्या विश्वात जवळपास कृष्णद्रव्यासारखीच वागणारी नवी क्षेत्रे त्यांना गृहीत धरावी लागली. त्यामुळे नियम बदलला तरी अदृश्य घटक टळत नाही, हे विद्यार्थिनीला सांगावे. मात्र साध्या दीर्घिकांत मिलग्रोम यांच्या त्वरणमर्यादेचा एकच स्थिरांक इतका अचूक का लागू पडतो, याचे सर्वमान्य उत्तर कृष्णद्रव्याच्या बाजूनेही अजून मिळालेले नाही.