नाताळ : घरातला, आळीतला, चर्चमधला. तुमच्या आठवणी लिहा

निंबोणी

परवा बुरूड आळीतून येत होते. एका दुकानाबाहेर ओल्या बांबूच्या कामट्या उभ्या करून ठेवलेल्या. तो हिरवट वास नाकात गेला आणि मी थेट नगरला, आजोळच्या ओसरीवर.

चांदणी विकत आणायची नाही हा आजोबांचा नियम होता. डिसेंबर लागला की ते कामट्या तासायला बसायचे. पाच कामट्यांची एक, अशा दोन चांदण्या. दोन्ही एकमेकींवर ठेवून टोकं सुतळीने आवळायची, मग आतल्या पाच कोपऱ्यांत चार-चार बोटांच्या काड्या अडकवायच्या की मधलं पोट फुगायचं. मैद्याची खळ आजी करून द्यायची. त्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं कागद खातात. लाल जिलेटिन ताणून बसवायचं काम मोठ्या मामाचं, सुरकुती पडली की आजोबा पुन्हा काढायला लावायचे. एक टोक बल्ब घालायला उघडं. कडुनिंबाच्या फांदीला ती चांदणी चढली की नाताळ लागला.

मग एसटीने एकेक कुटुंब उतरायचं. मावश्या, मामा, चुलतमामा, त्यांची पोरं. रात्री ओसरीभर गोधड्या. आणि गीतपार्टी! पेटी, ढोलकी, टाळ घेऊन मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांच्या, घराघरांतून रात्रभर फिरायचं. पहाटे शेवटच्या घरी चहा-बटर. इंग्रजी कॅरल आमच्यात कुणाला येत नव्हती. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणायची. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि अभंग, भजन, कीर्तन सगळं आपल्याबरोबर चर्चमध्ये घेऊन आले. मला हे फार मोठं वाटतं. त्यांच्यामुळे आमच्या आजीला देवाशी स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या चालीत बोलता आलं.

आता आजोबा नाहीत, वाडा विकला, भावंडं पांगली. २५ तारखेची उपासना होते, त्यानंतर जेवायला बाहेर जातो, चारच्या आत घरी. मला ते पुरत नाही. सणाला माणसं लागतात, कामाला हात लागतात.

ज्यांच्या घरी नाताळ असतो आणि ज्यांच्या शेजारी असतो, सगळ्यांनी लिहा. सलाम!

रानवारा

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर.

उत्तनची_मासोळी

फुगे फुगे फुगे!! बाकी काही नसलं तरी चालेल.

आमच्याकडे २४ ला दुपारी या तळलेल्या फुग्यांचं पीठ भिजतं. मैदा, नारळाचं दूध, अंडी, आणि फुगवायला ताडी. ताडी पहाटेचीच हवी, दुपारची आंबट होते. मोठ्या टोपात पीठ, वरून ओलं फडकं, आणि टोप कुठे ठेवायचा यावरून दोन्ही काकूंचं दरवर्षी ठरलेलं भांडण. संध्याकाळी पीठ टोपाच्या काठाला आलं की मोठी काकू बसते. मूठभर पीठ घ्यायचं, मूठ आवळायची, अंगठा आणि बोटाच्या मधून गोळा वर येतो, तो दुसऱ्या हाताने तोडून तेलात. हात सतत पाण्यात बुडवायचा. पीठ नीट आलं असेल तर फुगा तेलात आपला आपण उलटतो. झारा लावावा लागला की काकू म्हणते "पीठ रुसलंय".

सोबत बॉटल मसाल्यातलं डुकराचं. मसाला एप्रिल-मे मध्येच कुटून बाटल्यांत दाबून भरलेला असतो, त्यामुळे आमचा नाताळ खरं तर उन्हाळ्यात सुरू होतो.

शेजारधर्म

आम्ही देशस्थ, पण शेजार ख्रिस्ती, श्रीरामपूरला. दिवाळीला आमचं ताट तिकडे, नाताळला तिकडचं इकडे. ताट रिकामं परत करायचं नाही म्हणून आई त्यात साखर तरी घालायचीच.

संडे स्कूलच्या नाटिकेत मेंढपाळ कमी पडले की मला आणि धाकट्या भावाला बोलवायचे. घोंगड्या अस्सल, शेजारच्या वस्तीवरच्या धनगराकडून आणलेल्या, मेंढ्यांच्या वासासकट. एका वर्षी मला मागी केलं, म्हणजे बाळ येशूला भेटी आणणारा ज्ञानी. सोनं, ऊद, गंधरस. सोन्याला शेजारच्या काकूंचा कुंकवाचा करंडा... नाही, चुकले, आमच्याच आईचा करंडा होता तो! ऊद मात्र बाजारातून खराखुरा आणलेला आणि कुणीतरी तो पेटवलाही. पहिल्या दोन रांगा खोकत होत्या, पाळकसाहेब शुभवर्तमान वाचत होते, देवदूत रडत होता.

निंबोणी

@शेजारधर्म देवदूत नेहमीच रडतो. आमच्याकडे पंख टोचायचे म्हणून रडायचा.

@उत्तनची_मासोळी ताडी मिळत नसेल तर?

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्या वाड्यावर कॅथलिक घरं जास्त. नाताळच्या सुमारास त्यांच्याकडून कोन्सुआद येतं. क्रोशाच्या रुमालाने झाकलेल्या ताटात नेवऱ्या, दोदोल, बोलिन्या, कुलकुल, बेबिंकाचा एक तुकडा. आमच्या चवथीच्या, म्हणजे गणपतीतल्या, नेवऱ्या त्यांच्याकडे जातात, त्याचीच ही फेड.

एक सांगावंसं वाटतं. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असतं, तिथे गोड करत नाहीत. त्या घरी सगळा वाडा ताटं पाठवतो. आमचे बाबा गेले त्या वर्षी आमच्याकडे चवथीचं काही केलं नव्हतं. डिसेंबरात समोरच्या घरातून नेहमीपेक्षा मोठं ताट आलं. म्हातारी स्वतः घेऊन आली. एरवी नातवंडं आणतात. ती बसली, आईचा हात धरून बसली, बोलली काही नाही फारसं. दोदोल बाबांना आवडायचा हे तिच्या लक्षात होतं.

निंबोणी

मांडवीकाठ, वाचून गप्प झाले. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

वाळवंटी_मराठी

दुबईत २५ डिसेंबरला सुट्टी नसते. लोकांना वाटतं मॉलमधली झाडं बघून की इथे केवढा नाताळ. आम्ही ऑफिस करून संध्याकाळी चर्चला जातो. गर्दी इतकी की बाहेर अंगणात उभं राहावं लागतं. आजूबाजूला मल्याळी, फिलिपिनो, गोवेकर, लेबनीज. मी मनातल्या मनात मराठीतून प्रार्थना म्हणतो.

आमची मंडळी मूळ जालन्याची. तिथल्या प्रीतिभोजनाची आठवण येते. घरून आपापलं ताट-तांब्या न्यायचा, चर्चच्या पटांगणात पंगत. मटण, भात, बुंदी. श्रीमंत-गरीब, मोठं-छोटं, डॉक्टर-शिपाई एका ओळीत मांडी घालून. वाढणारे पंच कमिटीचे लोक. मला वाटतं त्या जेवणाइतकं खरं प्रवचन मी ऐकलेलं नाही.

अवांतरशिरोमणी

लिलाव कुणाला आठवतो का? नाताळचा नाही, कापणीच्या सणाचा. लोक शेतातलं पहिलं पीक, कोंबडी, अंडी, भोपळे दानार्पणाला आणायचे आणि उपासना झाली की चर्चच्या पायऱ्यांवर लिलाव. आमच्या आत्याने एकदा स्वतःचीच कोंबडी स्वतःच बोली लावून परत आणली, चौपट पैसे देऊन. तिला ती सोडवेना! सगळी मंडळी टाळ्या वाजवत होती. ती कोंबडी मग म्हातारपणाने गेली.

शेजारधर्म

@अवांतरशिरोमणी कोंबडीचं पुनरुत्थान म्हणायचं हे.

खमंग

नगरकडचे लोक आलेत तर विचारून घेते, नाताळच्या फराळात चिवडा पातळ पोह्यांचा की भाजक्या? माझ्या सासरी भाजके, माहेरी पातळ, आणि दरवर्षी नवऱ्याचं तोंड वाकडं.

निंबोणी

भाजके पोहे. लसूण ठेचून, सालासकट. पातळ पोहे दिवाळीवाल्यांचे.

शेजारधर्म

ओ निंबोणीताई, दिवाळीवाल्यांकडेही भाजक्यांचा होतो हां.

केडगावची_नात

माझी पणजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तीत, म्हणजे त्यांच्या निराधार बायका-मुलींच्या आश्रमात वाढली. दुष्काळात आईबाप गेले, रमाबाईंच्या माणसांनी आणलं एवढंच तिला माहीत होतं. लग्न तिथूनच झालं. बाकीच्या बायका सणाला माहेरी जातात, तिचं माहेर म्हणजे मुक्ती. म्हणून नाताळच्या आधी करंज्यांचा मोठा डबा भरून केडगावला जायचा. पणजीनंतर आजी नेत राहिली, नंतर माझी आई. ज्यांना ओळखतही नाही त्यांच्यासाठी करंज्या करायच्या, आणि त्या घरच्यांपेक्षा चांगल्या झाल्या पाहिजेत! सारणात खसखस, काजू सगळं त्या डब्यात. आमच्या वाट्याला फुटलेल्या.

पणजी वाचायला तिथेच शिकली. मरेपर्यंत रोज चष्मा लावून बायबल वाचायची, आणि मुलींना शाळेतून काढायचा विषय घरात निघाला की तिचा आवाज चढायचा. आमच्या घरातल्या सगळ्या बायका शिकल्या त्या त्यामुळे.

रानवारा

आलो. वसईचा मी. माझ्या आजीच्या लहानपणी मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये असायची. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं पण सगळे प्रतिसाद पाठ. १९६२ ते ६५ ची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि मिस्सा लोकांच्या भाषेत करायची मोकळीक मिळाली. मराठीत पहिली मिस्सा ऐकली तेव्हा आजी रडली असं माझी आत्या सांगते. आजीला विचारलं की म्हणायची, "देव जवळ आला गं, पण लॅटिन गाणी गोड होती हां." दोन्ही खरं असणार.

येशूजन्माचा गोठा आम्ही पोरं करायचो. भाताचा पेंढा, विहिरीच्या कडेची शेवाळ, आरशाच्या तुकड्याचं तळं. गहू आठवडाभर आधी पेरायचे म्हणजे हिरवं कुरण तयार. बाळ मात्र २४ च्या रात्रीपर्यंत ठेवायचं नाही, गव्हाण रिकामी. आजी लुगड्याच्या घडीत बाळ लपवून ठेवायची आणि मिस्साहून आल्यावर सगळ्यात लहान पोराच्या हातून ठेवायची. माझ्यानंतर सहा वर्षं कुणी जन्मलं नाही त्यामुळे तो मान बराच काळ माझ्याकडे होता, चुलतभाऊ अजून खार खाऊन आहेत.

मिस्सा आमच्याकडे मैदानात असते. रात्री दहानंतर लाउडस्पीकरचा नियम आहे, सरकार ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट देतं, त्या हिशोबाने वेळ ठरते. थंडीत सगळे शाली घेऊन. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या दरवर्षी कमी होत चालल्यात, पुढच्या खुर्च्यांवर बसतात त्या. त्यांच्याकडे बघून घ्या असं मी माझ्या मुलींना सांगतो.

पेठेतला

पुणेकरांनो, गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चच्या घंटा कुणी ऐकल्यात का? आठ घंटा आहेत मनोऱ्यात. आम्ही हिंदू, पण आमच्या वाड्यात त्या वाजल्या की आजी म्हणायची, "त्यांचा देव आला हो, दिवा लाव."

खमंग

@पेठेतला किती गोड आजी!

@रानवारा ते गहू पेरायचं आमच्या घटस्थापनेसारखंच की.

रानवारा

@खमंग तेच धान्य, तीच माती, तेच हात. वेगळं कशाला होईल.

वाळवंटी_मराठी

ह्या वर्षी तिकीट काढलंय. जालना. आईला सांगितलं नाहीये अजून.

केडगावची_नात

@वाळवंटी_मराठी सांगून टाका हो, नाहीतर त्या फराळ कमी करतील.

अवांतरशिरोमणी

सांगा आणि मटणाला लवकर नंबर लावा. २४ ला सकाळी खाटकाकडे रांग बघून माणूस शाकाहारी होतो.

उत्तनची_मासोळी

@निंबोणी आत्ता बघितलं, सॉरी. ताडी नसेल तर यीस्ट. अर्धा किलो मैद्याला दोन चहाचे चमचे कोरडं यीस्ट, कोमट पाण्यात साखर घालून फेस येईपर्यंत ठेवायचं. नारळाचं दूध पण कोमटच घाल, गार घातलंस तर पीठ येणार नाही. मीठ शेवटी. आणि एकटी करू नकोस गं, एकाने तोडायचे आणि एकाने तळायचे असतात. वर्सोव्याला माझी मावसबहीण आहे, पुण्यात तिची नणंद, तिला बोलव, ती येईल. पळते, मुलाची शाळेची गाडी आली.

निंबोणी

नणंदेचा नंबर निरोपात पाठव. शनिवारी करतोय.