प्रतिसाद: अलिबागचा रविवारचा सामना आणि मॅटिंग

मुंबईहून रविवारी अलिबागला क्रिकेट खेळायला गेलेला संघ मॅटिंगमुळे (खेळपट्टीवर अंथरलेल्या काथ्याच्या मॅटमुळे) हरला की उशिरा पोहोचल्यामुळे, यावर वर बरीच चर्चा झाली आहे. माझ्या मते ही दोन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. मातीच्या खेळपट्टीची सवय असलेल्या फलंदाजाला काथ्याच्या मॅटवर चेंडू अपेक्षेपेक्षा उंच उसळलेला दिसतो, आणि मॅट नीट ताणलेली नसेल किंवा कडेचे खिळे सैल असतील, तर एकाच टप्प्यावर पडलेले दोन चेंडू निरनिराळे वागतात. म्हणून पाहुण्या कर्णधाराने नाणेफेकीपूर्वी गुड लेंग्थच्या पट्ट्यात (चांगल्या चेंडूचा टप्पा जिथे पडतो तिथे) मॅट अंगठ्याने दाबून पाहावी. खालची माती भुसभुशीत असेल तर ते लगेच कळते. नियमांनुसार नाणेफेक सामन्याच्या ठरलेल्या वेळेआधी ३० ते १५ मिनिटांच्या दरम्यान होते, तेव्हा वाटेत वडखळच्या वाहतूक कोंडीतून सुटून पॅड बांधतच मैदानात शिरणारा संघ ही पाहणी करणार कधी? कृत्रिम खेळपट्टी किमान ५८ फूट लांब आणि ६ फूट रुंद असावी, हेही नियमांतच आहे, पण टेप घेऊन आलेला पाहुणा मी अजून पाहिलेला नाही (यजमानांनी जेवणाचा बेत केला असेल तर मोजूही नये). मॅटवर खेळायचे तर स्पाइक्सचे (तळाला खिळे असलेले) बूट मात्र घरीच ठेवावेत. शिवाय नऊच जण वेळेवर पोहोचले, तर परस्परसंमतीने अकरापेक्षा कमी खेळाडूंचा सामनाही नियमांत बसतो. उरलेल्या दोघांसाठी यजमानांना उन्हात ताटकळत ठेवण्यापेक्षा हा मार्ग बरा.