आईला कोळंबीची ॲलर्जी आहे, कॉन्ट्रास्ट सीटी चालेल का?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. आई ६४ वर्षांची, डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन चालू. पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली तर लिव्हरवर ३ सेंमीची गाठ निघाली, आता डॉक्टरांनी ट्रिपल फेज सीटी सांगितलाय, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध देऊन तीन टप्प्यांत फोटो. किडनीची रक्ततपासणी केली, क्रिएटिनिन १.४ आहे. आईला कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठतं आणि शेजारच्या काकू म्हणाल्या कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असतं, मासे न चालणाऱ्यांच्या जिवावर बेततं. तेव्हापासून आई नकोच म्हणतेय. साध्या सीटीवर नाही का भागणार? परवाची अपॉइंटमेंट आहे.

सलाईनवाला:
मी सीटी टेक्निशियन आहे. कोळंबीचं रोज कुणीतरी विचारतंच. ती ॲलर्जी कोळंबीतल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रोटीनची असते, आयोडीनची नाही, आयोडीन तर आई रोज मिठातून खातेच की. फॉर्ममध्ये लिहा नक्की, पण तेवढ्यावरून स्कॅन रद्द करू नका. खरं महत्त्वाचं म्हणजे आधी कधी कॉन्ट्रास्टच्या औषधाची रिॲक्शन आली होती का, आणि दमा आहे का. आणि आईला आधीच सांगून ठेवा, औषध आत गेलं की सगळं अंग गरम होतं, तोंडाला लोखंडी चव येते, लघवी झाली असंच वाटतं पण झालेली नसते. माहीत नसलं की बायका बिचाऱ्या लाजून हलतात आणि फोटो बिघडतो. सुईच्या जागी दुखलं किंवा फुगलं तर मात्र लगेच ओरडायचं.

रात्रपाळी:
रेडिओलॉजीत रेसिडेंट आहे. साध्या सीटीत गाठ दिसेल कदाचित, पण कसली ते नाही कळणार. लिव्हरचा कॅन्सर रक्त घेतो धमनीतून, म्हणून पहिल्या फेजला चमकतो आणि नंतर फिका पडतो, हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ कडेकडेने हळूहळू भरत जाते. हा फरक कॉन्ट्रास्टशिवाय दिसतच नाही.
मला काळजी कोळंबीपेक्षा किडनीची. या वयात १.४ म्हणजे ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) साधारण ४२ येतो, कॉन्ट्रास्ट देता येतं, पण रिपोर्ट जुना असेल तर परत करून घ्या. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही, किडनीच बसली तर ते अंगात साठतं, म्हणून ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर ४८ तास बंद ठेवतात. ३० ते ६० मध्ये प्रत्येक सेंटरची पद्धत वेगळी, स्वतःच्या मनाने बंद करू नका, विचारा. कॉम्बिफ्लाम वगैरे पेनकिलर चालू असेल तर तेही सांगा.

जास्वंद:
माझ्या बाबांना मागच्या वर्षी खरंच रिॲक्शन आली होती, टेबलावरून उतरेपर्यंत अंगभर गांधी. इंजेक्शन दिल्यावर तासाभरात उतरल्या. आम्ही औषधाचं नाव लिहून घेतलं, आयोहेक्सॉल, पुढच्या वेळी त्यांनी दुसरं वापरलं आणि काही झालं नाही. स्कॅननंतर अर्धा तास तिथेच बसा, घरी पळू नका.

रात्रपाळी:
बरोबर. गंभीर रिॲक्शन आताच्या औषधांनी १०,००० त साधारण ४ जणांना येते, आणि बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच, म्हणून बसवून ठेवतात.

खाडीकाठ:
आईला सगळं वाचून दाखवलं. तयार झालीय, म्हणते ते लघवीचं आधी कळलं ते बरं झालं. उद्या क्रिएटिनिन परत करतो. सकाळी पाणी चालेल ना?

सलाईनवाला:
साधं पाणी बहुतेक ठिकाणी चालतं, किडनीला बरंच ते. जेवण किती तास आधी बंद ते सेंटरला फोन करून विचारा, आणि शुगरच्या दुसऱ्या गोळ्या असतील तर त्यांचंही तेव्हाच. उपाशीपोटी ग्लिमेपिराइड घेऊन येतात आणि शुगर उतरून इथेच चक्कर येते, असे पेशंट मी बघितलेत.