हृदयाच्या पेशीतले फ्री रॅडिकल: कचरा की निरोप?

निवांत: हृदयाच्या स्नायुपेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा मायटोकाँड्रियाच, म्हणजे पेशीची ऊर्जाकेंद्रंच, व्यापतात. त्यांच्या आतल्या पडद्यावरून इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जातात, शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी होतं. एखादा मधेच, कॉम्प्लेक्स १ किंवा ३ (या साखळीतले प्रथिनांचे टप्पे) पाशी, निसटून ऑक्सिजनला चिकटला की झालं सुपरऑक्साइड, म्हणजे एक फ्री रॅडिकल: सुट्या इलेक्ट्रॉनमुळे चटकन प्रतिक्रिया करणारा रेणू. याला सगळे 'गळती' म्हणतात आणि लगेच ते निकामी करणाऱ्या अँटीऑक्सिडंट गोळ्या सुचवतात. मला हा शब्दच खटकतो; माझ्या मते हा कचरा नाही, पेशीतला निरोप आहे. एक-दोन टक्के ऑक्सिजन असा वाया जातो, हा आकडासुद्धा पेशीबाहेर काढलेल्या मायटोकाँड्रियांवरचा!

शंकासुर: शब्दावर काय अडून बसलात? सुपरऑक्साइड निपटणारं एसओडी२ हे एन्झाइम नसलेले उंदीर १९९५ साली तयार केले होते. पिल्लांची हृदयं फुगली, दहाएक दिवसांत ती मेली. निरोप असा जीव घेतो होय?

निवांत: उंदीर मान्य. पण ते एन्झाइम सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, आणि पेशीत निरोप नेतं ते पेरॉक्साइडच. शिवाय हार्ट अटॅकचं बघा. रक्त थांबलं की सक्सिनेट, म्हणजे मायटोकाँड्रियातलं एक इंधन, साचतं. रक्त परत आलं की ते भराभर जळतं आणि इलेक्ट्रॉन कॉम्प्लेक्स १ मध्ये उलटे घुसतात. सुपरऑक्साइडचा लोंढा येतो तो तिथून. २०१४ मध्ये उंदरांत सक्सिनेट साचूच दिलं नाही, तर इजा कमी झाली. भोक पडून गळणं आणि प्रवाह उलटा फिरणं एकच का?

मधलाबाक: गोळ्यांचा निकाल तर २००० सालीच लागला. 'होप' चाचणीत हृदयरोगाचा धोका असलेल्यांना ४०० युनिट ई जीवनसत्त्व (हेही अँटीऑक्सिडंटच) रोज, साडेचार वर्षं दिलं. फायदा शून्य.

शंकासुर: त्यातून विष निरुपद्रवी कसं ठरलं? ई जीवनसत्त्व पडद्यांतल्या मेदात बसतं, आणि लोंढा रक्त परतल्यावर पहिल्या काही मिनिटांत येतो. औषध चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी. दोष औषधाचा.

निवांत: मग १९८६ च्या प्रयोगातले कुत्रे? हृदयाची धमनी पाच-पाच मिनिटं चारदा बंद करून सोडली, मग सलग ४० मिनिटं बंद ठेवली, तर मेलेला स्नायू एरवीच्या चौथाईवर आला. पुढे सशांत अशा एका छोट्या फेरीच्या वेळी अँटीऑक्सिडंट दिलं, तर हे संरक्षणच गेलं. कचरा काढल्यावर नुकसान का व्हावं?

शंकासुर: हा मुद्दा चोख आहे, मानलं. पण पाच मिनिटांचा निरोप आणि ४० मिनिटांनंतरचा लोंढा, रेणू तोच ना? मी त्याला विषच म्हणणार, थोडं घेतलं तर सोसवतं इतकंच.