पोकलेनचा सिलिंडर फुटल्यावर ‘तेल-फिल्टर बदला आणि मशीन चालू करा’ हा सल्ला कृपया कुणी मानू नका

फिटर_कराड
परवा इथे एका क्रशरवाल्यांनी लिहिलं: ‘पोकलेनचा आर्म सिलिंडर (हात हलवणारा तेलाचा जॅक) आतून गेला. नवा टाकला, टाकीतलं तेल आणि रिटर्न फिल्टर बदलला, दुसऱ्या दिवशी मशीन कामावर. फ्लशिंग, म्हणजे सगळी तेल-लाइन धुऊन काढणं, ही सर्व्हिसवाल्यांची लूट आहे.’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. म्हणून सविस्तर लिहितोय.

सिलिंडर आतून जातो तेव्हा पिस्टनचा नट ढिला होतो, नाहीतर सील आणि वेअर रिंग फाटून पिस्टन थेट बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, घासतो. तो चुरा जातो कुठे? रिटर्न फिल्टर, म्हणजे परतणारं तेल गाळणारा, बसलाय टाकीच्या तोंडाशी. तिथे पोचण्याआधी चुरा कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलमधून (तेलाची वाट बदलणारी सरकती दांडी) जातो, आणि स्पूल न् बॉडीतली फट दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास. उरलेला कूलरच्या नळ्यांत बसतो. आर्मचं तर आणखी वाईट. आर्म आत घेताना रॉडच्या बाजूचं तेल रिजनरेशनमुळे (तेच तेल पुन्हा वापरायची सोय) परत बोअरच्या बाजूला ढकललं जातं, ते फिल्टरपर्यंत जातच नाही.

आणि टाकी रिकामी केली म्हणजे तेल बदललं असं होत नाही. वीस टनी मशीनमध्ये एकूण तेल दोनशे लिटरच्या आसपास, टाकीत त्यातलं जेमतेम निम्मं. बाकीचं होसमध्ये (रबरी नळ्यांत), मोटरींत, दुसऱ्या सिलिंडरांत. चुरा तिथेच असतो.

करायचं काय? मशीन जागेवर बंद. चालवत वर्कशॉपला आणायचं नाही. आधी फिल्टर कापून बघायचा. टाकी आतून पुसायची, पण सुती चिंधीने नाही, तिचे धागे सुटतात. सक्शनची जाळी काढून धुवायची. आर्मच्या सेक्शनचा स्पूल आणि रिलीफ (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) बाहेर काढायचे. होसमधून हवेच्या दाबाने फोमच्या गोळ्या मारायच्या. मग सिलिंडर न लावता त्या दोन होस एकमेकांना जोडून लिव्हर चालवायचा, म्हणजे लाइनमधलं तेल फिल्टरकडे जातं. नवा सिलिंडर सगळ्यात शेवटी.

खडीवाला_शेठ
ती पोस्ट माझीच. तुमचं सगळं बरोबर असेल, पण यात चार-पाच दिवस जातात. तोवर हप्ता कोण भरणार? मशीन उभं म्हणजे क्रशर उपाशी आणि डंपर रिकामे. माझ्याकडे याआधीही असंच केलंय, पंप गेलेला नाही. तुम्ही मजुरी घेऊन जाता, नुकसान आमचं होतं.

भोसरी_लॅब
शेठ, पंप दुसऱ्या दिवशी जात नाही म्हणून तर सगळे फसतात. तो सहा महिन्यांनी, वर्षाने जातो, तेव्हा सिलिंडरची आठवण कुणाला नसते. तेलाची स्वच्छता आयएसओ ४४०६ या मानकाने मोजतात: ४, ६ आणि १४ मायक्रॉनच्या वरचे कण, असे तीन आकडे. आकडा एकाने वाढला की कण साधारण दुप्पट. पोकलेनमधल्या जास्त दाबाच्या पिस्टन पंपाला १८/१६/१३ च्या आसपास तेल लागतं. सीलबंद ड्रममधलं कोरं तेलसुद्धा बऱ्याचदा याहून घाण निघतं, म्हणून तेही गाळूनच भरायचं. डोळ्याला चाळीस मायक्रॉनच्या खालचं दिसत नाही. ‘तेल पिवळंधमक आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही.

खडीवाला_शेठ
लॅबमध्ये बसून बोलणं सोपं असतं. मुळात सिलिंडर गेलाच कशामुळे ते कुणी विचारत नाही. ऑपरेटर! दर वेळी स्ट्रोकच्या टोकाला नेऊन ठोकतो, बकेटने दगड फोडतो. मी त्याच्या पगारातून दर महिन्याला कापायला सुरुवात केलीय. खिशाला झळ बसल्याशिवाय हे सुधारत नाहीत.

तात्या_ऑपरेटर
आता मी बोलणार. जन्म गेला या सीटवर. सिलिंडर गेला की पहिलं बोट ऑपरेटरकडे! माझ्या आधीच्या मालकाकडे बूमच्या रॉडवर ओरखडा पडला होता, नखाला लागत होता. मी सांगितलं, रॉड काढा, क्रोम करून घ्या. ‘पावसाळ्यात बघू.’ त्या ओरखड्याने सील खाल्लं, आत धूळ गेली, आणि जॅक फुटल्यावर पैसे कापले माझे. दिवाळीच्या तोंडावर. शेठ, तुमच्या ऑपरेटर पोराने रॉड गळतोय म्हणून कधी सांगितलं होतं का, तेवढं खरं सांगा.

खडीवाला_शेठ
तात्या, तुम्ही मला ओळखत नाही. माझ्या साइटवर येऊन बघा आणि मग बोला.

तात्या_ऑपरेटर
साइट बघायची गरज नाही. तुम्ही उत्तर दिलं नाही, त्यातच कळलं.

वणी_ओपनकास्ट
मूळ विषय बाजूला पडतोय, पण तात्यांच्या बाजूने एक सांगतो. सिलिंडरपेक्षा जास्त घाण ब्रेकर-बकेट बदलताना आत जाते. होस काढून जमिनीवर टाकतात, तोंडाला टोपी नाही, क्रशरची भुकटी थेट आत. त्या टोप्या आणून द्यायचं काम मालकाचं. आमच्या खाणीत कॅप नसेल तर होस सोडूच देत नाहीत.

भोसरी_लॅब
आणि पगारकपातीबद्दल: नुकसानीपोटी कापायचं तर ते कामगाराच्याच हलगर्जीमुळे झालेलं असावं लागतं आणि आधी त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. ही तरतूद १९३६ च्या वेतन कायद्यापासून आहे. दर महिन्याला परस्पर कापता येत नाही.

खडीवाला_शेठ
इथे तेलावर बोलायला आलो आणि मलाच आरोपी केलं. गावात मजूर मिळत नाहीत, डिझेल कुठे गेलंय बघा, खडीचा भाव तिथेच. तुम्ही सगळे पगारी माणसं, तुम्हाला हप्ता काय कळणार?

फिटर_कराड
शेठ, मी पगारी नाही, माझाही गाडीचा हप्ता चालू आहे. पंप आणि मेन व्हॉल्व्ह बदलायचा खर्च तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. चार दिवस उभं राहणं त्यापुढे काहीच नाही. पूर्ण फ्लशिंग राहू दे. बदललेला रिटर्न फिल्टर फेकला नसेल तर तेवढा कापा. घड्या उलगडा, चुंबक फिरवा, आणि इथे सांगा.

खडीवाला_शेठ
कापला. काळे रबराचे तुकडे आहेत, ते सीलचे असणार. लोखंडाची बारीक भुकटी चुंबकाला आली. पण घडीच्या तळाशी सोनेरी चमक आहे, ती चुंबकाला येत नाही.

फिटर_कराड
मशीन बंद करा, आत्ताच. सोनेरी म्हणजे ब्राँझ. ते बहुधा पंपाच्या किंवा मोटरच्या पिस्टन शूजचं (पिस्टनच्या टोकाला बसणाऱ्या सरकत्या पावलांचं) असतं. म्हणजे चुरा पुढे पोचलाय. केस ड्रेनचा (पंपाच्या कवचातून गळतीचं तेल परत नेणाऱ्या लाइनचा) फिल्टर काढून बघा, तिथेही दिसलं तर पंप उघडावा लागेल. पायलट फिल्टरही (लिव्हरच्या कंट्रोल लाइनचा) विसरू नका.

वणी_ओपनकास्ट
गाळणी ट्रॉली भाड्याने मिळते का बघा. टाकीला जोडून तेल गरम असताना सलग फिरवा, आणि स्वच्छतेचा आकडा खाली येईपर्यंत थांबवू नका. नंतर पन्नास तासांनी फिल्टर पुन्हा बदला आणि तोही कापून बघा.

खडीवाला_शेठ
बंद केलंय. फ्लशिंगचं तुमचं म्हणणं मान्य, पण एवढे दिवस लागू नयेत हे माझं म्हणणं कायम आहे. पगाराचं या महिन्याला थांबवतो. माफ केलं असं नाही.

तात्या_ऑपरेटर
थांबवणं पुरेसं नाही, कापलेले परत द्या.

फिटर_कराड
ते ठरवायला पुरावा तुमच्याच अंगणात पडलाय. जुना सिलिंडर भंगारात देऊ नका, उघडा. पिस्टनच्या नटाचे आटे खाल्लेले असतील आणि लॉकिंग स्क्रू नसेल, तर मागच्या वेळी सीलकिट टाकणाऱ्याने चूक केलीय. ग्लँडच्या (रॉड बाहेर येतो त्या झाकणाच्या) बुशमध्ये एका रेषेत ओरखडे असतील तर रॉड आधीपासून खराब होता. पिस्टनची किंवा ग्लँडची टोकाची बाजू ठोकून चपटी झाली असेल, तर ऑपरेटरशी बोला. फोटो टाका, मी सांगतो.

खडीवाला_शेठ
उद्या लेथवाल्याकडे नेतो. तात्या, तुम्हीही बघा फोटो.